समाजवादी कामगार महासंघाचे वजन हजेरीपटावर मोजा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगार संघटनांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात हिंद मजदूर सभेचा उल्लेख अवघ्या दोन ओळींत उरकण्यात आला असून, पाठीशी समाजवादी पक्षच उरला नसल्यामुळे या महासंघाचा राजकीय प्रभाव आता इतिहासजमा झाला आहे, असा निष्कर्ष लेखकाने काढला आहे आणि त्याने एखाद्या पक्षाची सोबत धरावी, असे सुचवले आहे. मी या पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात टाइमकीपर होतो आणि आता निवृत्त आहे. युनियनचे पद कधी भूषवले नाही, वर्गणीची पावती मात्र वेळच्या वेळी घेत आलो. लेखकाचा निष्कर्ष मला मान्य नाही. महासंघाची ताकद घटली आहे हे उघड आहे. पण ती पक्षामुळे घटली, हे निदान चुकीचे आहे, आणि निदान चुकले की उपायही चुकतो.

मुळात या महासंघाची उभारणी कशी झाली, ते पाहावे. 1947 च्या मे महिन्यात काँग्रेसच्या पुढाकाराने इंटक (इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेस) हा कामगार महासंघ स्थापन झाला होता, आणि आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) या दुसऱ्या महासंघावर कम्युनिस्टांचा वरचष्मा होता. या दोहोंपैकी कोणाच्याही छत्राखाली राहायचे नाही, असे ठरवून समाजवाद्यांची हिंद मजदूर पंचायत आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांची इंडियन फेडरेशन ऑफ लेबर 24 डिसेंबर 1948 रोजी हावड्यात एकत्र आल्या आणि हिंद मजदूर सभा जन्माला आली. नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी रुईकर पहिले अध्यक्ष झाले, अशोक मेहता सरचिटणीस झाले, आणि रेल्वे कामगारांमध्ये काम करणाऱ्या मणिबेन कारा स्थापनेपासून बरोबर होत्या. सरकार, मालक आणि राजकीय पक्ष या तिघांपासूनही संघटना स्वतंत्र राहील, हे त्या वेळीच जाहीर करण्यात आले. समाजवाद्यांनी काढलेल्या संघटनेने समाजवादी पक्षापासूनही अंतर ठेवायचे, ही भूमिका त्या काळी अनेकांना अव्यवहार्य वाटली असणार. परंतु पुढे पक्षाचे जे झाले ते पाहता तिच्यामुळेच महासंघ वाचला, असे माझे मत आहे.

पक्षाचे काय झाले, हे थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वश्रुत आहे. 1952 मध्ये समाजवादी पक्ष आणि किसान मजदूर प्रजा पक्ष मिळून प्रजासमाजवादी पक्ष झाला, 1955 मध्ये समाजवादी नेते राममनोहर लोहिया वेगळे झाले, 1964 मध्ये संयुक्त समाजवादी पक्ष आला, 1971 मध्ये पुन्हा एकी झाली आणि 1977 मध्ये सगळेच जनता पक्षात विलीन झाले. महासंघाचे पहिले सरचिटणीस अशोक मेहता 1963 मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि पाठोपाठ काँग्रेसवासी झाले. लोहियावादी मंडळींनी साठच्या दशकात आपली निराळी मजदूर पंचायत काढली. मुंबईत तर 1968 च्या महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली आणि त्याच वर्षी शिवसेनेची भारतीय कामगार सेना स्थापन झाली, जिने पुढे मुंबई-ठाण्यातील अनेक कारखान्यांच्या गेटवर समाजवादी युनियनांनाच आव्हान दिले. (ठाणे नगरपालिकेत शिवसेना आदल्याच वर्षी सत्तेवर आली होती, तेव्हा वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे पुढाऱ्यांना दिसायला हरकत नव्हती.) एवढ्या पडझडीत हिंद मजदूर सभा पक्षाला बांधलेली असती, तर तिचीही तितकीच शकले झाली असती. प्रत्यक्षात 2002 या वर्षाच्या आधारावर झालेल्या सरकारी पडताळणीत तिची सदस्यसंख्या सुमारे 33 लाख भरली आणि देशातील पहिल्या पाच केंद्रीय संघटनांत तिला स्थान मिळाले. ज्या पक्षातून तिचे संस्थापक आले, तो तोवर नावापुरताही शिल्लक नव्हता.

तेव्हा तिचे वजन कशावर होते? माझ्या समजुतीप्रमाणे ते माल आणि माणसे जिथून हलतात त्या जागांवर होते, म्हणजे गोद्या, रेल्वे, महापालिकांची खाती आणि वाहतूक. मुंबईच्या गोदीत पी. डिमेलो यांनी जी संघटना बांधली, तिच्या हाताखाली जॉर्ज फर्नांडिस तयार झाले आणि याच कामगारांच्या बळावर 1967 मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांचा पराभव केला. त्या पराभवाची आठवण आजही निघते, परंतु माझ्या मते त्याहून मोलाचे काम गोदी कामगारांसाठी कायद्याने झाले होते. 1948 च्या कायद्यान्वये मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले आणि रोज सकाळी मुकादमापुढे उभे राहून काम मिळेल की नाही याची वाट पाहणारा गोदी कामगार बोर्डाच्या नोंदवहीत आला. काम कोणत्याही स्टीव्हडोअरकडे (जहाजातील माल चढवण्या-उतरवण्याच्या ठेकेदाराकडे) असो, नोंद बोर्डाकडे राहू लागली. पुढे अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 मध्ये जो माथाडी कायदा झाला, त्याची रचनाही याच धर्तीची आहे, आणि वाशीच्या बाजार समितीत आज पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळतो तो त्यामुळे. माथाडींची संघटना हिंद मजदूर सभेची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण राजकीय प्रभाव म्हणजे काय याचा नमुना म्हणून तो घ्यायला हवा. आमदार किती निवडून आले यापेक्षा कोणाच्या वहीत कोणाचे नाव चढले, याला मी प्रभाव म्हणतो.

आता 1974 च्या रेल्वे संपाकडे पाहू. हिंद मजदूर सभेशी संलग्न असलेल्या ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष म्हणून फर्नांडिस यांनी सर्व संघटनांची समन्वय समिती उभारली आणि 8 मे रोजी संप सुरू झाला. स्वतः फर्नांडिस यांना सहा दिवस आधीच अटक झाली होती. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींतील क्वार्टर रिकामी करून घेण्यात आली, आणि 27 मे रोजी संप विनाअट मागे घ्यावा लागला. पदरात काही न पडता मिटलेला संप, असेच त्याचे वर्णन बहुतेक ठिकाणी होते. परंतु 1977 मध्ये जनता पक्षाच्या सरकारात समाजवादी नेते मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगारांना परत घेण्यात आले. संपाची एक प्रमुख मागणी बोनसची होती, आणि उत्पादकतेशी निगडित बोनस रेल्वे कर्मचाऱ्यांना 1979-80 पासून मिळू लागला. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास वर्तमानपत्रांत रेल्वेच्या बोनसची बातमी येते, तिच्या मुळाशी हा हरलेला संप आहे. दंडवते मंत्री झाले ते पक्षामुळे, हे खरे. पण त्यांच्या टेबलावर मागणी आधीपासून तयार होती आणि ती रेटणारी संघटना जिवंत होती, म्हणून मंत्रिपदाचा उपयोग झाला.

याउलट गिरण्यांत काय घडले? 1950 मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने मुंबईत बोनससाठी संप केला. सुमारे दोन लाख गिरणी कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले, आणि तरीही संप फसला. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. वाटाघाटीचा हक्क त्याच्याकडे आणि कामगार मात्र दुसऱ्यांबरोबर, अशी ती विपरीत स्थिती होती. बत्तीस वर्षांनी दत्ता सामंतांच्या संपातही याच कायद्याने कामगारांची वाट अडवली. गिरणगावात इतकी माणसे रस्त्यावर असूनही टेबलाशी बसायचा अधिकार मिळाला नाही, कारण तो अधिकार रस्त्यावर ठरत नव्हता, सदस्यांच्या नोंदीवर आणि त्या नोंदी तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर ठरत होता. संघटनेला वाटाघाटीची मान्यता कामगारांच्या गुप्त मतदानाने द्यावी, ही मागणी हिंद मजदूर सभा आणि आयटक वर्षानुवर्षे करत होत्या आणि इंटकचा तिला विरोध होता, त्याचे कारण यावरून लक्षात येईल.

हा जुना इतिहास उगाळण्याचे कारण असे की, 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेने मान्यतेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. आस्थापनेच्या हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेला असेल ती एकमेव वाटाघाट संघटना ठरणार. कोणालाच तेवढा पाठिंबा नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाट परिषद बसणार. महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने मान्यतेसाठी 30 टक्के सदस्यत्वाची अट होती. संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती, ती आता सर्व आस्थापनांना लागू आहे, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकत्रित नैमित्तिक रजा टाकली तर तोही संपच समजला जाईल. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली आहे. या संहितांविरुद्ध हिंद मजदूर सभेसह दहा केंद्रीय संघटनांनी 9 जुलै 2025 चा देशव्यापी संप केला होता. भारतीय श्रम परिषद, जिथे सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतात, ती जुलै 2015 नंतर दहा वर्षे भरलीच नाही, म्हणजे आपले म्हणणे मांडायचे दिल्लीतले व्यासपीठही महासंघाला राहिले नाही. लेखकाला प्रभाव संपल्याचा पुरावा हवा असेल तर तो इथे सापडला असता. त्यांनी तो भलतीकडेच शोधला.

परंतु माझा खरा मुद्दा 'हजेरीपटावरील' या शब्दांशी येऊन थांबतो. हजेरीपट ही माझ्या रोजच्या हातातली वस्तू होती, म्हणून त्याविषयी अधिकाराने बोलतो.

ज्या कारखान्यात मी होतो, तिथे गेटवर दोन वाटा होत्या. उजवीकडे टाइम ऑफिसच्या खिडकीशी लाकडी रॅकमध्ये कायम कामगारांची पंचिंग कार्डे असत, पुढे त्या जागी बोट टेकवायचे यंत्र आले. डावीकडच्या लहान दारातून कंत्राटी माणसे येत. त्यांच्या गळ्यात पिवळा गेट पास असे आणि त्यांची हजेरी कंत्राटदाराचा सुपरवायझर एका लांबट वहीत मांडत असे, बऱ्याचदा पेन्सिलने. दर काही वर्षांनी कंत्राट दुसऱ्याच्या नावे होई, तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावरचे नाव बदले आणि आत पहिल्या ओळीपासून पुन्हा तीच माणसे लिहिली जात, सेवा मात्र नव्याने सुरू झाली असे समजून. ड्रम भरणे, रिअॅक्टरच्या मजल्यावर पोती चढवणे, फिल्टर धुणे ही कामे आधी कायम कामगार करत. हळूहळू ती सगळी डाव्या दाराकडे गेली. जेवणाच्या सुट्टीत उजवीकडची माणसे कूपन घेऊन कॅन्टीनमध्ये जात, डावीकडची गोडाऊनच्या सावलीत डबा उघडत. वेतन कराराची मुदत संपून युनियनने मागणीपत्र दिले की व्यवस्थापन माझ्याकडून कामगारांचा आकडा मागवी. मी देत असे तो उजवीकडचा. डावीकडचा कोणी मागत नसे, व्यवस्थापनही नाही आणि युनियनही नाही, कारण ती वही माझ्या कपाटात नव्हती.

आता संहितेचे गणित या गेटवर मांडून पाहा. समजा, एखाद्या कारखान्यात 100 कायम आणि 250 कंत्राटी कामगार आहेत. हजेरीपट म्हणजे मूळ मालकाचा हजेरीपट, असा अर्थ घेतला गेला तर सदस्यत्वाच्या 51 पावत्या ज्याच्याकडे तो एकटा वाटाघाटीला बसेल आणि 350 माणसे ज्या जागी राबतात तिथल्या सगळ्या अटींवर त्याची सही पुरेशी ठरेल. एवढ्या पावत्या गोळा करायला मालकाच्या मर्जीतील अंतर्गत युनियनला फार घाम गाळावा लागणार नाही. कंत्राटी माणसांनी फार तर आपल्या कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आपला पाठिंबा मोजून घ्यावा, आणि कंत्राटदाराचे कंत्राट मार्चअखेर संपले की ती मान्यताही त्याच्याबरोबर जाईल.

न्हावा-शेव्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. 1989 मध्ये सुरू झालेल्या त्या बंदरात दहा वर्षांनी पहिले खासगी टर्मिनल आले आणि आता मालाची हाताळणी जवळपास पूर्णपणे खासगी चालकांकडे आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये देशातील मोठ्या बंदरांच्या कामगारांनी संपाची तारीख दिली, आणि आदल्या दिवशी, 27 तारखेला, केंद्र सरकारने महासंघांबरोबर वेतनवाढीचा समझोता केला. या वाटाघाटीत हिंद मजदूर सभेच्या बाजूचे गोदी महासंघही होते. केवळ नोटिशीवर सरकारला टेबलाशी यावे लागते, ही ताकद अजून आहे आणि ती पक्षाशिवाय आहे. पण त्या समझोत्याचा लाभ बंदर प्राधिकरणाच्या कायम कर्मचाऱ्यांना. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात लॅशिंग (माल जखडून बांधण्याचे काम) करणारा, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर मालकेंद्रात) कंटेनर रिकामा करणारा, उरणच्या रस्त्यावर दोन-दोन दिवस ट्रेलर उभा करून गेट उघडण्याची वाट पाहणारा चालक, यांच्यातला एकही त्या कागदावर नव्हता. गोदीतला रोजंदार ज्या महासंघाच्या माणसांनी बोर्डाच्या वहीत आणला, त्यांच्याच वारसांच्या डोळ्यांदेखत नवी गोदी विनावहीची उभी राहिली. रेल्वेतही वेगळे नाही. तिथे 2007 पासून मान्यता गुप्त मतदानाने ठरते, डिसेंबर 2024 मध्येही तसे मतदान झाले, आणि ही पद्धत कारखान्यांतही यावी असे मी आग्रहाने म्हणेन. पण फलाट झाडणाऱ्या आणि गाडीचे डबे धुणाऱ्या कंत्राटी माणसाला त्या मतपेटीपर्यंत पोहोचता येत नाही.

म्हणून लेखकाशी माझा मतभेद असला, तरी महासंघाच्या स्थानिक पुढाऱ्यांना मी मोकळे सोडू इच्छित नाही. कंत्राटी कामगारांना सदस्य करून घेण्यास कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. आडकाठी होती ती उजव्या दाराने येणाऱ्यांच्या मनात. कंत्राटी आत आले तर करारातील रक्कम अधिक माणसांत वाटली जाईल, बोनसची टक्केवारी खाली येईल, ही भीती गेट मीटिंगमध्ये उघड बोलली जात नसे, पण चहाच्या टपरीवर सगळे बोलत. पुढाऱ्यांनी ती दूर केली नाही, तिच्या आधारे निवडणुका मात्र जिंकल्या. परिणामी कायम कामगार निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि एके काळी ज्या युनियनच्या मीटिंगला ठाणे-बेलापूर रस्त्यावर बस थांबवावी लागे, तिची वार्षिक सभा आता एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या सभागृहात मावते. वागळे इस्टेटमध्ये, महापे-रबाळ्यात जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या, हे कारण सांगितले जाते आणि ते काही अंशी खरे आहे. मात्र त्या इमारतींच्या दारावरचे सुरक्षारक्षक, लिफ्ट पुसणाऱ्या बायका आणि गोदामांतून पार्सल लावणारी मुले कामगारच आहेत. त्यांच्यापर्यंत एखादे पावतीपुस्तक पोहोचले असेल, तर ते माझ्या तरी पाहण्यात नाही.

लेखकाच्या सूचनेप्रमाणे एखाद्या पक्षाची सोबत धरून हे होणार नाही. सोबत धरल्याने काय होते, हे या जिल्ह्याने पुरेसे पाहिले आहे. इथे पुढाऱ्याने पक्ष बदलला की गेटवरच्या फलकाचा रंग बदलतो आणि वेतन करार तसाच पडून राहतो. महासंघाने आपले 1948 चे स्वातंत्र्य जपावे, आणि ते ज्या कामासाठी घेतले होते त्यासाठी वापरावे. महाराष्ट्रात या संहितेची अंमलबजावणी करताना पडताळणी गुप्त मतदानानेच व्हावी, आणि वर्षाहून अधिक काळ त्याच आवारात काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराची गणना, कंत्राटदाराचे नाव कितीही वेळा बदलो, त्या आवारातील मतदार म्हणून व्हावी, या दोन मागण्या तिने लावून धराव्यात. दुसऱ्या मागणीमुळे तिच्याच काही युनियनांची 51 टक्क्यांची खात्री जाईल, कारण छेद, म्हणजे ज्यावर टक्के काढायचे तो एकूण कामगारांचा आकडा, मोठा होईल. तरीही ती मागणी लेखी स्वरूपात कामगार आयुक्तांकडे द्यावी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्रत्येक संलग्न युनियनच्या सर्वसाधारण सभेचा तसा ठराव तिला जोडावा, आणि ज्या युनियनने ठराव नाकारला तिचे नावही कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त टाइमकीपर, ऐरोली, नवी मुंबई